घड्याळाला उष्टा सेल

भाच्याची रिमोटची गाडी रखडायला लागली की तो त्यातले चारही पेन्सिल सेल काढून माझ्या हातावर ठेवतो. "मामा, हे मेले. नवे दे." तसलाच एक मेलेला सेल मी मागे भिंतीवरच्या घड्याळात घातला, तर घड्याळ साडेसात महिने चाललं. सेलवर चिकटपट्टी लावून मी तारीख लिहितो, म्हणून आकडा छातीठोकपणे सांगतोय. (घरात या सवयीची यथेच्छ थट्टा होते.)

मग तो मेला होता कुठे? सेलमध्ये वीज भरून ठेवलेली नसतेच. गाडीतल्यासारख्या अल्कलाइन सेलच्या मधोमध जस्ताची पूड असते, भोवती मँगनीज डायऑक्साइड, आणि सगळं पोटॅशियम हायड्रॉक्साइडने भिजलेलं. जस्त इलेक्ट्रॉन सोडायला तयार, मँगनीज डायऑक्साइड घ्यायला तयार. पण मधल्या पडद्यातून आयन (म्हणजे विद्युतभार असलेले अणू-रेणू) जातात, इलेक्ट्रॉन जात नाहीत. त्यांना बाहेरून, तारेतून, मोटरमधून वळसा घालावा लागतो आणि त्या वळशावर गाडी पळते. वापरता वापरता जस्ताचं ऑक्साइड होत जातं, आतला रोध वाढतो. अशा सेलला मोटरने जोरात ओढलं की तो धापा टाकतो, व्होल्टेज धाडकन खाली येतं. घड्याळाला मात्र मिलिअँपिअरचा एक अंश पुरतो. तेवढं तो निवांत देत राहतो.

म्हणून "सगळ्यात जास्त टिकणारा सेल कुठला?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, घालणार कशात? अल्कलाइनच्या अंगात साधारण २५०० मिलिअँपिअर-तास (एकूण किती वीज देईल त्याचं माप) असतात, पण हळूहळू प्यायलात तरच. गाडीसारखं ढसाढसा पिणारं काही असलं तर निम्मेही हाती लागत नाहीत.

तिथे चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल बरे. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून मी कित्येक वर्षं नाक मुरडलं. पण ते १.२ जवळजवळ शेवटपर्यंत धरून ठेवतात. अल्कलाइन दीडवरून निघतो खरा, पण ओढ लागली की बघता बघता त्याच्याही खाली घसरतो. जुन्या जातीचे सेल नुसते पडून उतरायचे. २००५च्या सुमारास आलेली नवी जात वर्षभर ड्रॉवरमध्ये ठेवली तरी बराचसा चार्ज राखून असते.

साध्या झिंक-कार्बनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लक्लांशे या फ्रेंच संशोधकाने १८६६ साली बरणीत जमवलेल्या सेलचा तो कोरडा वंशज. त्यात जस्ताचं डबडंच झिजत जातं, म्हणून गळतो.

गळण्यात अल्कलाइनही मागे नाही. अडीनडीला म्हणून ठेवलेली बॅटरी (म्हणजे टॉर्च, आपल्याकडे दोन्ही बॅटरीच) दोन वर्षांनी उघडली, तर स्प्रिंगवर बुरशीसारखी पांढरी पूड. व्हिनेगरच्या बोळ्याने पुसली, पण स्प्रिंग खाल्ली गेली होती. आता त्यात दीड व्होल्टचे लिथियम सेल आहेत. महाग, पण अल्कलाइन २३ ग्रॅमचा तर हा १५चा, आणि वीसेक वर्षं पडून राहू शकतो.

गाडीत आता चार्ज होणारे सेल. त्यामुळे उष्टे सेल बंद झाले आणि गेल्या महिन्यात घड्याळासाठी चक्क नवा सेल विकत आणावा लागला.