मोडलेला चिमटा आणि ओझोन

आज सकाळी कपडे वाळत घालताना निळ्या प्लास्टिकचा चिमटा बोटांतच कटकन मोडला. त्याची सावलीकडची बाजू अजून गडद निळी होती, तर उन्हाकडची पांढुरकी पडून तिची खडूसारखी भुकटी बोटांना लागत होती. हे काम सूर्याच्या अतिनील किरणांचे, आणि तेसुद्धा ओझोनच्या थरातून गाळून आलेल्या किरणांचे, हे लक्षात आल्यावर दिवसभर तोच विचार डोक्यात घोळत राहिला.

जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर विरळ पसरलेला हा वायू समुद्रसपाटीच्या दाबाला आणून दाबला, तर त्याचा थर जेमतेम ३ मिलिमीटर भरेल. पण पेशींतील डीएनए तोडू शकणारे बहुतेक किरण तेवढाच थर शोषून घेतो. तो तयार होण्यापूर्वी उघड्या जमिनीवर जगणे सजीवांना फार कठीण होते. पाण्याचाच काय तो आडोसा होता.

शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत तेव्हा वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन या क्लोरीनयुक्त वायूंमुळे हा थर विरळ होईल, असे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये सांगितले होते. त्यांतून सुटणारा क्लोरीनचा एकच अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो आणि स्वतः मात्र शाबूत राहतो, हा भाग मला आजही अस्वस्थ करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील छिद्र जाहीर झाले आणि १९८७ मध्ये अशा रसायनांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवणारा माँट्रियल करार झाला. इतकी तत्परता जगाने क्वचितच दाखवली असेल. तरीही तेथील थर १९८० च्या पातळीवर यायला २०६६ च्या आसपासचे वर्ष उजाडेल, असा अंदाज आहे.

उरलेले चिमटे सध्या सावलीत आणून ठेवले आहेत.