बाई, फोर मारली तर धावत नाहीत

शाळेचा अमृतमहोत्सव आहे, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा ग्रुपवर मेसेज आला आणि मी लगेच हो म्हटलं. लिहायला बसल्यावर मात्र गॅदरिंग, सहली, पीटीचे सर, प्रयोगशाळेतला सांगाडा यातलं काहीच पुढे सरकेना, सारख्या इंग्रजीच्या बाईच आठवत राहिल्या. आपल्या बॅचच्या कुणालाही बाईंचं नाव सांगायची गरज नाही. म्हणून बाकी सगळं दुसऱ्यांनी लिहावं, मी फक्त बाईंबद्दल लिहितो, आणि तेही एकाच शब्दाबद्दल, रन.

तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. आपल्यातले बहुतेक लालबाग-परळच्या चाळीतले, घरी इंग्रजी पेपरसुद्धा येत नसे, त्यामुळे इंग्रजीचा तास म्हणजे पोटात गोळा. आम्ही सातवीत असताना, फेब्रुवारी १९८८ मध्ये, आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या मॅचमध्ये शारदाश्रमच्या सचिन आणि विनोद कांबळीने ६६४ रन्सची पार्टनरशिप केली. सचिन ३२६, कांबळी ३४९, दोघेही नॉटआऊट. आमच्याच वयाच्या आसपासची पोरं, त्यामुळे वर्गात दुसरा विषयच नव्हता. बाई पेपर घेऊनच वर्गात आल्या आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात फक्त रन लिहिलं. म्हणाल्या, "याचा अर्थ सांगा." सगळे एका सुरात ओरडलो, धावणे! तेवढ्यात आमच्या वर्गाचा विकेटकीपर उभा राहिला, "बाई, फोर मारली तर कुणी धावत नाही, तरी चार रन मिळतात." आम्ही हसलो, पण बाई नाही हसल्या. खडू त्याच्या हातात देऊन म्हणाल्या, "हे लिही फळ्यावर. आज तू मला शिकवलंस."

मग बाईंनी सांगितलं की फार पूर्वी, अठराव्या शतकात, इंग्लंडमध्ये स्कोअर लिहिणारे काठीवर सुरीने खाचा पाडायचे आणि रनला नॉच, म्हणजे खाचच म्हणायचे. शब्दाचं मूळही सांगितलं. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप रिनन, आणि जर्मनमध्ये आजही रिनेन म्हणजे वाहणे, झिरपणे. म्हणजे धावणं आणि वाहणं पहिल्यापासून एकाच घरातली. त्यामुळे इंग्रजीत नाक रन होतं, नळ रन होतो, धुतल्यावर लुगड्याचा रंग जातो तोही रन होतो. आपण कुठे चालणे म्हणतो, कुठे वाहणे, कुठे गळणे, तिथे इंग्रजांना हा एकच पुरतो. दुकान चालतं, बस चालते, गिरणी चालते, सगळं रन. निवडणुकीचं तर मला भयंकर आवडलं होतं, आपला उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, ब्रिटिशांचाही स्टँडच करतो, अमेरिकेतला मात्र रन करतो. रेशनचं रॉकेल संपलं की तेही रनआऊट, हे ऐकल्यावर तर मागच्या बाकांवर अंपायरने बोट वर केलं!

पण माझ्यासाठी खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी झाली. बाईंनी फळ्यावर रन ऑफ द मिल लिहिलं आणि विचारलं, कुणाचे वडील गिरणीत आहेत? अर्ध्याहून जास्त हात वर. संप होऊन गेलेला, कुणाचे वडील घरी बसलेले, कुणाचे परत लागलेले, ते हात वर करणं सोपं नव्हतं. माझे बाबा संपानंतर परत लागले होते, फोल्डिंग खात्यात. बाई मला म्हणाल्या, "बाबांना विचारून ये, कापड विणून झालं की लगेच बाहेर जातं का?"

बाबा पहिल्या पाळीवरून आले, चहा घेतला, आणि मी विचारल्यावर आईचं धुतलेलं पातळ दोरीवरून ओढून गॅलरीतच सुरू झाले. दोन्ही हातांनी कापड ताणून उजेडात धरायचं, अंगठा कडेवरून सरकवत न्यायचा, सूत तुटलेलं किंवा तेलाचा डाग दिसला की तिथे काठाला रंगीत दोरा बांधायचा. "साच्यावरून उतरलेला माल सगळा एकत्रच येतो रे, चांगला पण आणि सेकंडचा पण, निवडल्याशिवाय आम्ही नाही सोडत." मी जसंच्या तसं वर्गात सांगितलं. बाई म्हणाल्या, "बरोबर हाच अर्थ. निवडायच्या आधीचा, गिरणीतून जसा निघाला तसा माल म्हणजे रन ऑफ द मिल, त्यावरून अगदी साधं, खास काही नाही असं." आणि पुढे म्हणाल्या, "याच्या बाबांना हे डिक्शनरीवाल्यांपेक्षा जास्त माहितीय." घरी जाऊन बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोनदा परत सांगायला लावलं. त्या दिवसापासून मला इंग्रजीची भीती वाटली नाही.

आज मी ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग टीम सांभाळतो. दिवसभर टेस्ट रन, ड्राय रन, रनटाइम हेच चालतं, म्हणजे रन काही सुटलेलं नाही. मध्ये वाचनात आलं की ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीसाठी पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी नऊ महिने फक्त या क्रियापदावर काम केलं आणि ६४५ अर्थ निघाले. त्याआधी पहिला नंबर सेटचा असायचा, १९८९ च्या आवृत्तीत त्याचे ४३० होते. लगेच बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "म्हणजे सचिन-विनोदपेक्षा एकोणीस कमीच की रे!" या वयात आकडा तोंडावर!

आता लालबागला गेलो की वाईट वाटतं. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल झाले, भोंगे बंद झाले. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, चांगलंच आहे, पण आपल्या शाळेत एकेका इयत्तेच्या तीन-तीन तुकड्या भरायच्या तिथे आज एक भरायची मारामार, हे ऐकवत नाही. बाईंसारख्या बाई असताना आपण कधी कुठे कमी पडलो?

कार्यक्रमाला बाई येणार आहेत, मी स्वतः बोललोय त्यांच्याशी. गुडघे दुखतात म्हणून पहिल्या मजल्यावरच्या हॉलऐवजी खाली पटांगणात बसायची सोय करता आली तर बघा, कमिटीला विनंती. गाडी माझी आहे, डोंबिवलीहून बाईंना घेऊन येतो, मागे दोन सीट रिकाम्या आहेत. आणि आपला विकेटकीपर कुठे आहे कुणाला माहीत असेल तर त्याचा नंबर मला पाठवा, बाईंनी फोनवर पहिल्यांदा त्याचीच चौकशी केली.