भिंतीचं फूल

पार्टीत भिंत धरून उभ्या राहणाऱ्या माणसाला वॉलफ्लॉवर म्हणतात हे कॉलेजपासून ऐकून माहीत होतं, पण त्या नावाचं खरंखुरं फूल असतं आणि ते अजिबात म्हणजे अजिबात लाजाळू नसतं, हे इंग्लंडला राहायला आल्यावर कळलं. मी आपलं फिकट, नाजूक, मान खाली घातलेलं काहीतरी डोळ्यापुढे धरून बसले होते. आणि इथे एप्रिलमध्ये समोरच्यांच्या अंगणात जे फुलतं ते पिवळं धम्मक, केशरी, विटकरी, शिवाय एक जात काळपट लाल, मखमली, अशी की रस्त्याच्या त्या बाजूने जाताना पण मान वळतेच. वास तर विचारूच नका, ऊन पडलं की गोड घमघमाट थेट फुटपाथवर.

वाकून जवळून बघितलं तर ओळखीचं निघालं. चारच पाकळ्या, आडव्या-उभ्या फुलीत मांडलेल्या, खालून वर उमलत जाणारा तुरा, टोकाला अजून मिटलेल्या तपकिरी जांभळट कळ्या, आणि फूल गळलं की दांड्यालगत उभी राहणारी बारीक लांब शेंग. मोहरीच की ही! म्हणजे मोहरी, मुळा, कोबी ज्या कुळातले त्याच कुळातलं हे. फोडणीच्या खानदानातली मुलगी पार्टीत गप्प बसेल असं कोणाला वाटलं देव जाणे.

मूळचं हे दक्षिण युरोपातलं, ग्रीसच्या बाजूचं. इंग्लंडमध्ये कधीकाळी आलं आणि जुने किल्ले, पडके मठ यांच्या भिंतींवर जाऊन बसलं. फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांनी बांधकामासाठी फ्रान्समधून दगड आणला त्याच्याबरोबर बी आलं असंही सांगतात, खरंखोटं कोण बघायला गेलंय. भिंतच का, तर जुन्या भिंतीच्या दरजांमध्ये चुना असतो, पाणी साचत नाही, ऊन मिळतं, आणि या झाडाला नेमकं हेच पाहिजे, मुळाशी ओल राहिली की ते कुरकुरतं. बागेत लावतात तेव्हा ऑक्टोबरच्या आसपास बाजारात याच्या जुड्या येतात, मेथीच्या असतात तशाच, मुळं उघडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्या आणायच्या, ट्युलिपच्या कांद्यांच्या अधेमधे लावायच्या, वसंतात फुलल्या की कौतुक करायचं आणि मे संपता संपता उपटून टाकायच्या. भिंतीवरचं मात्र कोणी उपटत नाही, ते बुंध्याशी लाकडासारखं टणक होतं आणि वर्षानुवर्षं तिथेच फुलत राहतं. म्हणजे भिंतीवर त्याचं काही वाईट चाललेलं नसतं, उलट बागेपेक्षा बरंच चाललेलं असतं!

मग हे नाव माणसांना कसं चिकटलं? विन्थ्रॉप मॅकवर्थ प्रेड नावाच्या इंग्रज कवीने १८२० मध्ये गावातल्या बॉलनाचावर एक कविता लिहिली, त्यात हा शब्द या अर्थाने पहिल्यांदा सापडतो असं मानतात. आणि तेव्हा तो लाजाळू माणसासाठी नव्हताच. तो होता नाचायला कोणी विचारलं नाही म्हणून भिंतीकडेच्या बाकावर बसून राहिलेल्या बाईसाठी. हा फरक मला फार मोठा वाटतो. कारण तेव्हाचा रिवाज असा, की विचारायचं पुरुषाने. बाईने फक्त हो म्हणायचं, आणि नाही म्हणालीच तर त्या संध्याकाळी मग दुसऱ्या कोणाबरोबरही नाचणं शोभत नाही, गुपचूप बसून राहायचं. म्हणजे एखादा घामट पाय तुडव्या आला तरी हो म्हणा, नाहीतर रात्रभर पंखा हलवत बसा. पुढे तर छोटी कार्डंच निघाली, दोरीने मनगटाला अडकवलेली, बरोबर एवढीशी पेन्सिल, कुठल्या नाचाला कोण ते पुरुषांनी लिहायचं. कार्ड कोरं राहिलं की ते सगळ्यांसमोर मनगटावर लोंबकळतंय. कल्पना करूनच पोटात गोळा येतो.

जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीमध्ये, म्हणजे १८१३ मध्ये, या कवितेच्या आधी सात वर्षं, हेच आहे बघा. पुरुष कमी पडले म्हणून नायिका एलिझाबेथला दोन नाच बसून काढावे लागतात, आणि तेवढ्यात तो नायक डार्सी तिला ऐकू जाईल असं म्हणतो की इतर पुरुषांनी डावललेल्या मुलींना भाव द्यायचा माझा मूड नाही. आता एलिझाबेथ आणि लाजाळू? तिच्या तोंडाला तोंड देताना भलेभले गार होतात. पण त्या वेळेपुरती ती भिंतीकडेच, कारण हिशोबात मुली जास्त आणि मुलगे कमी.

नंतर कधीतरी हळूच अर्थ सरकला. 'हिला कोणी विचारलं नाही' याचं 'हिला जमत नाही' झालं, न विचारणारे सगळे नामानिराळे, आणि दोष बसलेलीच्या माथी. नंतर पुरुषांनाही तेच लेबल. आपल्याकडे पण घुमी, माणूसघाणी, शिष्ट असली विशेषणं कशी पटकन लावून मोकळे होतात, चार लोकांत तिच्याशी कोण किती बोललं हे कोणी मोजत नाही.

मी स्वतः भिंतीवाली आहे, आणि ती आवडीने. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला शाळेचा हॉल भाड्याने घेतात, भिंतीला लावून घडीच्या खुर्च्या, पुढे डीजे, मागे फराळाचं टेबल. मी फराळाच्या बाजूची खुर्ची पकडते, तिथून सगळं दिसतं, कोणाची चकली मऊ पडली ते पण समजतं. यात दुःख काही नाही, पण मंडळात एक काकू आहेत त्यांना हे पटत नाही, कोणी बसलेलं दिसलं की त्यांच्या हाताला खाज सुटते.

मागच्या दिवाळीला माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, लग्न होऊन नुकतीच सांगलीहून आलेली. नवरा मित्रांच्या घोळक्यात, हिला कोणी ओळखत नाही, हसून हसून हिचा चेहरा दुखायला आलेला. मी दोन वाक्यं बोलले, कढीपत्ता कुठे मिळतो वगैरे, आणि मला वाटलं असेल माझ्यासारखीच, बसू दे निवांत. तेवढ्यात काकू आल्या.

"काय गं, नवीन ना तू? चल ऊठ, अशी काय बसलीस!"

आणि ती उठली की हो. नुसती उठली नाही, काकूंच्या आधी पोचली. पदर खोचला आणि जी काय नाचली, गिरक्या काय, ठेका काय, लहान पोरं बाजूला होऊन बघायला लागली, नवऱ्याचा आ वासलेला. कॉलेजात लेझीम पथकात होती म्हणे. तासभर ती खुर्चीवर फक्त कोणी ये म्हणायची वाट बघत होती, आणि मी शेजारी बसून तिच्यासाठी शांततेची सोय करत होते!

गाणं संपल्यावर काकू घाम पुसत माझ्याकडे वळल्या. "बघितलंस? आता तू."

"काकू, मी खरंच इथे बरी आहे."

"ती पण तेच म्हणाली असती."

"तिला तुम्ही विचारलंत म्हणून ती उठली, मला दरवर्षी विचारता."

काकूंनी क्षणभर विचार केला, माझ्या प्लेटमधली शेवटची शंकरपाळी उचलली, आणि पलीकडे बसलेल्या कोणाच्या तरी सासऱ्यांकडे निघाल्या.