स्मार्टवॉच उघडण्याआधी आणि उघडल्यावर

"चार्जच होईना झालंय की हो, बॅटरी गेली असणार." काउंटरवर घड्याळ ठेवताना गिऱ्हाईक निदान करूनच येतं. बॅटरीचा नंबर मात्र बराच खाली लागतो. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात चार्ज न होणाऱ्या घड्याळाच्या पाठीवरच्या दोन पिना आधी बघाव्यात, मग केबल, मग चार्जर. हे सगळं बाहेरून तपासता येतं, पाच मिनिटं लागतात. उघडलेलं घड्याळ कंपनीसारखं परत बंद होत नाही, म्हणून ही पाच मिनिटं मोलाची.

पिना भिंगाखाली बघा. दोनपैकी एकच हिरवी-काळी पडलेली असेल तर ती पॉझिटिव्ह समजा. घामानं ओलं झालेलं घड्याळ तसंच चार्जिंगला लावलं की खारट ओलाव्यातून दोन पिनांमध्ये वीज वाहते. त्यात पॉझिटिव्ह बाजूचा मुलामा झिजतो आणि खालचं तांबं उघडं पडतं. ऊसतोडीला, शेतात किंवा जिममध्ये घड्याळ घालणाऱ्यांकडे हा बिघाड नेमका येतो. ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) जुन्या टूथब्रशवर घेऊन घासा. तरी काळं राहिलं तर पेन्सिलीच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा. पॉलिश पेपर लावू नका, उरलासुरला मुलामाही जातो आणि महिनाभरात घड्याळ परत येतं.

उद्यमबाग-मच्छेच्या मशीन शॉपमधून आणि फाउंड्रीतून येणाऱ्या घड्याळांचं दुखणं वेगळं. चार्जिंगची जागा चुंबकाची आणि हवेत लोखंडाचा कीस. भिंगातून बघितलं तर पिनांच्या भोवती काळी केसाळ लव उभी असते, साळिंदराच्या काट्यांसारखी. ती लव केबलच्या तोंडावरही असते आणि दोन्ही पिनांना जोडून शॉर्ट करते. केबलचं टोक गरम होतं, कधी प्लास्टिकही वितळतं. ब्रशनं ही लव निघत नाही, नुसती इकडची तिकडे होते. चिकटपट्टी घट्ट दाबून उचला, आठ-दहा वेळा, दर वेळी नवी जागा वापरून. अशा गिऱ्हाइकाला केबल प्लगमध्ये चालू ठेवून टेबलावर सोडू नका म्हणून बजावून सांगावं. चुंबकाला एखादी किल्ली चिकटली तरी तेच होतं.

आता केबल. दोन पिनांच्या चुंबकी केबल दिसायला सारख्या असतात, पण पिनांमधलं अंतर २.८४ मिमी किंवा ४ मिमी असं वेगवेगळं असतं. काही केबलींत पॉझिटिव्ह-निगेटिव्हही उलटे असतात. बाजारातून आणलेली केबल घड्याळाला लावण्याआधी मल्टीमीटरनं बघा: ५ व्होल्टच्या आसपास आकडा हवा आणि लाल प्रोब कुठल्या पिनेवर आहे तेही टिपून ठेवा. 'फास्ट चार्जरनं घड्याळ जळालं' हे सरसकट खरं नाही. या केबलमध्ये बहुधा डेटाच्या तारा नसतातच. जास्त व्होल्टची मागणी तिच्यातून होत नाही आणि धड चार्जर ५ व्होल्टच देतो. घड्याळ मारतो तो भंगार चार्जर, ज्याचा व्होल्ट लोड नसताना सहाच्या वर जातो. तोही मल्टीमीटरवर पकडता येतो.

चार्जर आणि केबलच्या मध्ये यूएसबी मीटर (व्होल्ट-अँपिअर दाखवणारा छोटा मीटर) लावला की बरंच काही कळतं. २०० ते ३०० एमएएच बॅटरीचं घड्याळ सुरुवातीला साधारण ०.१ ते ०.३ अँपिअर घेतं आणि भरत आलं की आकडा शून्याकडे उतरतो. सुरुवातीपासून शून्य असेल तर पिन, केबल, आतली चार्जिंगची पट्टी (कागदासारखी पातळ, लवचिक वायर) किंवा चार्जिंग आयसी (चार्ज सांभाळणारी चिप) यांत दोष. आकडा ०.५ च्या वर आणि पाठ गरम असेल तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा. ०.०१ वर अडकून बसलं तर बॅटरी फार उतरलेली असू शकते. अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या, कधी कधी आपोआप उचल खातं.

घड्याळ थरथरतं पण दिसत काही नाही, असं असेल तर ते जिवंत आहे. फोनच्या ॲपमधून 'घड्याळ शोधा' दाबा. थरथरलं म्हणजे बोर्ड, बॅटरी, ब्लूटूथ ठीक आहेत, दोष डिस्प्लेत किंवा त्याच्या पट्टीत. एलसीडी असेल तर अंधारात टॉर्च तिरका धरा. पुसट आकडे दिसले तर फक्त बॅकलाइट गेलाय. ॲमोलेडला बॅकलाइट नसतो, तिथं ही युक्ती चालत नाही.

उघडायचं की नाही, ते इथं ठरवावं. हजार-दीड हजाराच्या घड्याळाचा डिस्प्ले कॉम्बो (काच आणि स्क्रीन एकत्र) किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल तर सरळ नको म्हणा. बॅटरी, स्पीकर, मोटर, चार्जिंगची पट्टी ही कामं परवडतात.

उघडण्याआधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणा. भरलेल्या बॅटरीला पातं लागलं तर आग भडकते. पाठीला चार स्क्रू असलेली घड्याळं मागून उघडतात, पण मागच्या झाकणाला ठोके मोजणाऱ्या सेन्सरची पट्टी जोडलेली असते. ती तुटू नये म्हणून झाकण झटक्यात न उचलता पुस्तकाच्या पानासारखं एका बाजूनं उघडा. समोरून चिकटवलेलं घड्याळ काच खाली करून ७० ते ८० अंशांच्या हॉट प्लेटवर दोन-तीन मिनिटं ठेवा. बॅटरी डिस्प्लेच्या पाठीला चिकटलेली असेल तर एकेक मिनिटाच्या हप्त्यानं गरम करा. ब्लोअरनं घाई केली की ॲमोलेडवर पिवळा डाग उमटतो, तो कधीच जात नाही. पातळ पातं दोन मिमीच्या आतच घाला आणि पट्टी ज्या बाजूला आहे ती बाजू शेवटी सोडवा. कुठल्या बाजूला ते ठाऊक नसेल तर त्याच मॉडेलच्या उघडलेल्या घड्याळाचा फोटो आधी शोधा. अंदाजानं घातलेलं पातं पट्टी कापतं आणि बॅटरीचं काम डिस्प्लेवर जातं.

बॅटरीवर छापलेला आकडा हे तिचं माप असतं. ४०२०२५ म्हणजे ४ मिमी जाड, २० मिमी रुंद, २५ मिमी लांब. एवढ्याशा खोक्यात ५०० एमएएच मावत नाहीत, लेबलावर कोणी काहीही छापो. त्याच मापाची घ्या, किंवा जाडीला किंचित कमी. जास्त जाड कधीच नको, कारण वापरात बॅटरी थोडी फुगते आणि डिस्प्ले उचलते. तारा मोजा. तीन असतील तर तिसरी तापमान बघणाऱ्या थर्मिस्टरची, साधारण १० किलोओहमची. तिथं दोन तारांची बॅटरी लावली तर घड्याळ चालू होतं पण चार्ज घेत नाही, आणि मग बिचाऱ्या चार्जिंग आयसीवर संशय जातो.

जुनी बॅटरी काढताना दोन्ही तारा एका कात्रीत कापू नका, कात्रीच्या पात्यातूनच शॉर्ट होतो. आधी काळी कापा, टोकाला टेप लावा, मग लाल. नवी जोडताना सोल्डरिंगची इस्त्री ३२० ते ३५० अंशांवर, टोक बारीक, एका टाक्याला दोन सेकंद. एक तार पूर्ण जोडून झाकल्याशिवाय दुसरीचं टोक उघडं करू नका. तारांवर शून्य व्होल्ट दिसले म्हणून बॅटरी लगेच फेकू नका. पिवळ्या टेपखालच्या संरक्षक पट्टीनं वीज तोडलेली असू शकते. टेप उचलून थेट सेलच्या पत्र्यांवर मोजा. अडीच व्होल्टच्या वर असेल तर मंद करंटनं उठवता येते. दोनच्या खाली गेलेली उठवू नका, उठली तरी ती भरवशाची नसते. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, वाळूच्या डब्यात ठेवायची आणि ई-कचरा घेणाऱ्याला द्यायची. घंटागाडीत टाकली तर तिथं दाबली जाऊन पेटते.

डीसी सप्लाय (व्होल्ट आणि करंट हवा तेवढा लावता येणारं यंत्र) असेल तर नवी बॅटरी जोडण्याआधी बोर्डाला ४ व्होल्ट द्या, करंटची मर्यादा कमी ठेवून. बटण न दाबता सुई जवळजवळ शून्यावर हवी. बटणाला हात न लावता ५०-१०० मिलीअँपिअर खेचत असेल तर बोर्ड गळतोय. अशा घड्याळात नवी बॅटरी घातली तरी ती संध्याकाळपर्यंत बसते आणि दोष तुमच्या बॅटरीवर येतो.

जून ते सप्टेंबर पाण्याची घड्याळं येतात, कणकुंबी-जांबोटीकडची तर जास्तच. बेळगाव बासमती भात शिजवायला आहे, घड्याळ पुरायला नाही. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट पीठ मात्र स्पीकरच्या जाळीत जातं. भिजलेलं घड्याळ बंद करायचं, चार्जिंगला अजिबात लावायचं नाही आणि त्याच दिवशी उघडायचं. आधी बॅटरी सोडवा, मग बोर्ड आयपीएनं मऊ ब्रशनं धुवा, कनेक्टर काढून त्यांच्या खालूनही. ४५-५० अंशांवर तासभर वाळवा. अल्ट्रासॉनिक टबात बोर्ड टाकू नका, माइकचा पडदा फाटतो.

बंद करताना खरं काम जुना गोंद काढण्याचं असतं. एक कणही राहिला तरी तिथं फट राहते. प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, आयपीएनं पुसा, मग टी-७००० किंवा बी-७००० ची एक सलग बारीक रेघ ओढा. माइकच्या भोकाजवळ आणि हवेच्या छिद्राजवळ हात आखडता घ्या. रबरबँड किंवा क्लॅम्प लावून २४ तास ठेवा, पावसाळ्यात ४८. हा गोंद त्यातलं द्रावण उडून वाळतो आणि ओलसर गार हवेत ते सावकाश उडतं. दोन तासांत घड्याळ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला घड्याळ न देणं हाही कामाचाच भाग.

गोंद वाळल्यावर जुन्या घड्याळजींची थेंबाची परीक्षा करा. घड्याळ ४०-४५ अंशांपर्यंत कोमट करा आणि काचेवर साध्या पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवून पुसा. काचेच्या आतून धुकं धरलं तर आत ओल राहिलीय, परत उघडा. एवढं करूनही मूळची पाणीरोधकता परत आली असं सांगू नका. आयपी-६७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं, ५ एटीएम म्हणजे ५० मीटरच्या स्थिर पाण्याएवढा दाब. दोन्ही आकडे नव्या घड्याळाचे, साध्या पाण्यातले. गरम पाणी, वाफ, साबण त्यात धरलेले नाहीत. हाती उघडलेलं घड्याळ शिंतोडे सोसेल, पोहायला नको.

आवाजाच्या तक्रारीत निपाणीकडची तंबाखूची धूळ जाळीत बसलेली सापडते. आधी जाळी कोरड्या ब्रशनं साफ करा, मग स्पीकर मोजा. ८ ओहमचा स्पीकर मल्टीमीटरवर आठच्या थोडं खाली दाखवतो, ओपन (आतली तार तुटलेली) दाखवला तर बदला. माइकच्या भोकात पिन घालू नका. थरथरीच्या मोटरीला दोन पेन्सिल सेलचे ३ व्होल्ट क्षणभर लावले की ती चांगली की वाईट तिथंच कळतं.

सेन्सर तपासताना आकडा दिसला म्हणजे सेन्सर चालतो असं समजू नका. पाण्याच्या बाटलीला बांधलेलं स्वस्त घड्याळही अनेकदा ७०-७५ ठोके दाखवतं. मनगटाची नाडी बोटांनी पूर्ण ६० सेकंद मोजा आणि ताडून बघा, बसलेल्या माणसात पाच-सातचा फरक चालेल. मग दोन जिने चढून परत. आकडा वाढलाच नाही तर घड्याळ अंदाजे ठोकतंय, किंवा सेन्सरच्या काचेवर आतून गोंद पसरलाय. दुरुस्तीनंतर हा दुसरा दोष हमखास निघतो. पावलांसाठी शंभर पावलं मोजून चाला, ९५ ते १०५ ठीक. दाबाचा पट्टा न बांधता, हवेच्या पिशवीशिवाय मनगटावरून दाखवलेल्या रक्तदाबावर गोळी कमी-जास्त करू नये, हे घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी घड्याळ घेणाऱ्याला आवर्जून सांगा.

काही बिघाड बिघाडच नसतात. जोडणी होत नसेल तर फोनच्या ब्लूटूथमधून आणि ॲपमधून, दोन्हीकडून जुनं नाव काढा, घड्याळ रिसेट करा आणि मग ॲपमधूनच जोडा. कानडी मेसेज आला की घड्याळावर नुसते चौकोन दिसतात, मराठीत रफार आणि जोडाक्षरं तुटतात, ही तक्रार आपल्या भागात दोन्ही भाषांतून येते. स्वस्त घड्याळाच्या मेमरीत कानडीचा फॉन्टच नसतो आणि मराठी अक्षरं नीट जोडायची सोय नसते. अपडेट असेल तर चार्ज निम्म्याच्या वर ठेवून एकदा करून बघा, नसेल तर उघडून काही उपयोग नाही.

देण्याआधी रात्रभर ब्लूटूथ चालू ठेवून बॅटरी किती उतरते ते लिहून ठेवा. आणि पट्ट्याची स्प्रिंग पिन जोरात ओढून बघा. २० किंवा २२ मिमीची ती पिन घामानं आतून गंजते, आणि नवा डिस्प्ले घातलेलं घड्याळ दुकानाच्या पायरीवरच निसटून पडतं.