दीडशे रुपयांचं फायर इंजिन

आज भाचीबरोबर बसून दीडशे रुपयांचा ब्रिक सेट, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या विटांचा संच, जोडला. छोटंसं फायर इंजिन, शिडीसकट. स्टिकर जरा ढिसाळ, आणि माहितीपत्रकातला काळा तुकडा कुठला नि गडद राखाडी कुठला हे शोधताना डोळे फुटायची वेळ. पण पकड? चक्क चांगली! टेबलावरून पडलं तरी फक्त शिडी निखळली.

माझ्या मते या खेळण्याचा सगळा जीव पकडीत. लेगो या डॅनिश खेळणी कंपनीने २८ जानेवारी १९५८ला ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिचं मर्म विटेच्या पोटातल्या पोकळ नळ्यांत आहे. वरच्या विटेच्या नळ्या खालच्या विटेच्या डोक्यावरच्या गुंड्यांना घट्ट धरतात. ते पेटंट केव्हाच संपलं, म्हणून आता कुणीही तशा विटा काढतं. (स्वस्त विटा लेगोच्या विटांत बसतात का? माझ्याकडच्या तरी बसल्या.)

भाचीने संध्याकाळपर्यंत इंजिन मोडून गोठा केला. चार गुणिले दोन गुंड्यांच्या सहा विटा जोडायच्या ९१ कोटींहून जास्त तऱ्हा आहेत म्हणे गणितवाले, त्यातली ही एक.

घेणार असाल तर खोक्यावर आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे. आणि तीन वर्षांखालच्या पोरांपासून लांब ठेवा, तुकडे फार बारीक आहेत.