मीठ शोधलं की मिठाचा सत्याग्रह सापडायला हवा

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी फावल्या वेळात सांभाळतो. सर्व्हर भाड्याचा, २ जीबी रॅमचा. एकदा ग्रंथपाल काकांनी तक्रार केली, की ‘मीठ’ शोधलं तर शिरोड्याच्या १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहावरचं काहीच येत नाही. बरोबरच होतं. ‘मिठाच्या’ या शब्दात ‘मीठ’ ही अक्षरं नाहीतच, दीर्घ ‘मी’चा ऱ्हस्व ‘मि’ झालेला.

मी म्हटलं, त्यात काय, चांगलं सर्च इंजिन बसवू. वेगळा सर्व्हर घ्यायचा तर वाचनालयाच्या खर्चात बसेना, म्हणून इलास्टिकसर्च त्याच मशीनवर चढवलं. आपणहून काही सांगितलं नाही तर ते साधारण अर्धी रॅम स्वतःसाठी धरतं, हे मी वाचलं नव्हतं. उरलेल्या अर्ध्यात मायएसक्यूएल हा डेटाबेस, साइट चालवणारं पीएचपी आणि बाकीचा संसार. पुस्तकांची यादी आत भरायला घेतली आणि साइट आचके द्यायला लागली. बाहेर पाऊस, लाईट गेलेली, मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॉग वाचतोय: मेमरी संपली, प्रोसेस मारली. अशा वेळी लिनक्स सहसा सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्यालाच उडवतो, म्हणजे माझं नवं सर्च इंजिनच. त्यावर मी शहाणपणा केला, बंद पडलं की आपोआप चालू होईल अशी सोय लावली. मग काय, ते उठायचं, सीपीयू खायचं, मरायचं, परत उठायचं. इलास्टिकसर्च जावावर चालतं, त्याची हीप, म्हणजे जावाची कामाची मेमरी, ५१२ एमबीवर बांधली तेव्हा जरा शांतता झाली, पण जावाचा पसारा हीपच्या बाहेरही असतोच. स्वॅप, म्हणजे डिस्कवरची उसनी मेमरी, वाढवून पाहिला, तर साइट बैलगाडीच्या चालीने.

दोन दिवसांनी ते सगळं काढलं. एक गोष्ट मात्र त्यातून शिकलो. त्यातला हिंदीसाठीचा तयार अ‍ॅनालायझर, म्हणजे शोधाआधी शब्द एकसारखे करून घेणारा भाग, दीर्घ वेलांट्या-उकार ऱ्हस्व करून टाकतो. मराठीतले ‘चा-ची-चे’ कापणं त्याला जमत नाही, पण ही युक्ती उचलण्यासारखी होती.

मग एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधलं एफटीएस५, म्हणजे त्याची शब्द शोधायची सोय, घेतलं. ते पीएचपीच्या आतच चालतं. रात्रंदिवस रॅम अडवून बसणारी वेगळी प्रोसेस नाही, इंडेक्स, म्हणजे शोधायची शब्दसूची, ही डिस्कवरची एक फाइल. अर्ध्या तासात झालं. काकांना दाखवलं, तर म्हणाले, “अरे, मी मीठ शोधतंय आणि ह्यो मोठी माणसां दाखवता!”

खरंच. ‘मीठ’ला ‘मोठी’, ‘माठ’, सगळं येत होतं. कारण सापडलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. त्याचा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरं आणि अंक शब्दाचा भाग धरतो, काना, मात्रा, वेलांटी त्याच्या लेखी शब्द तोडणारी चिन्हं. म्हणजे ‘मीठ’चे ‘म’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे, ‘मोठी’चेही तेच. गंमत अशी, की याच चुकीमुळे ‘मिठाचा सत्याग्रह’ही सापडत होता!

टेबल बनवताना कॅटेगरीजमध्ये, म्हणजे शब्दाचा भाग धरायच्या चिन्हांच्या यादीत, ‘एमएन’ आणि ‘एमसी’ हे काना-मात्रांचे दोन गट वाढवले, की मात्रा शब्दातच राहतात. मोठी माणसं गेली, पण त्यांच्यासोबत सत्याग्रहही गेला. मग ती उचललेली युक्ती लावली. इंडेक्स करताना आणि शोधताना, दोन्हीकडे सगळे दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करायचे, आणि शोधशब्दाच्या शेवटी तारा (*), म्हणजे पुढे काहीही जोडलेलं चालेल. ‘मीठ’चं ‘मिठ’ झालं आणि ‘मिठाचा’, ‘मिठागर’ सगळे हजर. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच झाले. होऊ देत.

सर्व्हर आता निवांत आहे. काकांनी परत ‘मीठ’ टाकून पाहिलं. सत्याग्रह वर आला, त्याखाली मिठाईच्या पाककृती, त्याखाली मिठबाव हे गाव.

“मिठबाव कित्याक?” त्यांनी विचारलं. तेवढं अजून काढायचं राहिलंय.