दुसरा चेंडू

आज सकाळी नाशिकच्या आमच्या वॉर्डात शिरले, तेव्हा दिंडोरीहून आलेल्या मावशी खाटेवर बसून स्पायरोमीटरचा, म्हणजे खोल श्वास ओढण्याचा सराव देणाऱ्या उपकरणाचा, सेकंदाला 900 मिलीचा दुसरा चेंडू श्वासाने वर उचलत होत्या. काल त्यांचे पित्ताशय पोट उघडून काढावे लागले. अशा वेळी टाके ओढले जातील या धास्तीने रुग्ण वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो आणि फुप्फुसांचा तळ मिटून तेथे कफ साचतो. दुखू नये म्हणून मॉर्फिन वाढवावे, तर तेच श्वास मंदावते. म्हणून सोनोग्राफीत पाहत बरगडीखाली, पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये औषध सोडून मी तिथल्या नसा बधिर केल्या होत्या; यालाच ब्लॉक म्हणतात.

“मॅडम, आईचा श्वास तर अडणार नाही ना?” असे मुलाने विचारले होते. प्रश्न अगदी रास्त होता, कारण खोकताना जोर लावणारे हेच स्नायू ब्लॉकने थोडे सैलावू शकतात. परंतु श्वास ओढणाऱ्या श्वासपटलाची नस मानेतून येते, ती या औषधाच्या वाटेत येत नाही. आतली खोल कळ मात्र ब्लॉकने जात नाही, त्यासाठी पॅरासिटामॉल सुरू आहे.

निघताना मावशींनी उशी पोटाशी घट्ट धरली आणि खणखणीत खोकून दाखवले.